एका वेळी एकच विचार

कोणत्याही माणसाला एका वाक्यात दुरुस्त करता येतं, यावर माझ्या साडूंइतकी श्रद्धा असलेला माणूस मी रायपुरात तर पाहिला नाहीच, पण नागपूरपासून बिलासपूरपर्यंत आमचे जेवढे म्हणून नातेवाईक पसरलेले आहेत त्यांच्यातही पाहिला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, समता कॉलनीत राहणारे, उंच, रुंद कपाळाचे. समोरचा माणूस नमस्कार करायचा तेव्हा हे त्याच्या पायांकडे बघत असायचे. नव्या माणसाला वाटे, आपली चप्पल तुटली की काय. तसं काही नसे. त्याचं वजन डाव्या पायावर आहे की उजव्या, एवढंच ते पाहत. कारण साडू गोल्फ खेळायचे.

आमच्यासारख्या विदर्भातून नोकरीसाठी इकडे आलेल्या घरांत गोल्फ हा शब्द इंग्रजी पेपरच्या मागच्या पानापलीकडे कधी आला नव्हता. साडूंच्या निवृत्तीआधी त्यांना एक वरिष्ठ साहेब लाभले. त्या साहेबांना नव्या रायपुरातल्या मैदानावर जायला सोबत लागे. पुढे साहेबांची बदली झाली आणि गोल्फ साडूंजवळ राहून गेला. निवृत्तीनंतर लोक देवळात जाऊ लागतात, प्लॉट बघू लागतात. साडू गच्चीवर जुनी मच्छरदाणी बांधून तिच्यात चेंडू मारू लागले.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका गोष्टीत होतं. गोल्फमध्ये चेंडू आपल्या अंगावर येत नाही. तो गवतात गप्प बसलेला असतो, आपणही त्याच्यासमोर गप्प उभे असतो आणि नेमकं तेवढ्या वेळात डोकं घोटाळा करतं. पकड, कोपर, गुडघा, मान, मागे उभे राहून बघणारे लोक, घरी संपत आलेला गॅस, सगळं एकदम आठवतं. म्हणून काठी उचलण्याआधी मनात एकच लहानशी गोष्ट धरायची आणि बाकीचं अंगावर सोपवून द्यायचं. "एका वेळी एकच विचार," ते बोट उभं करून सांगत. "दोन केले का गेला माणूस." हे विचार ते स्वतः तयार करत आणि त्यात इंग्रजी पुस्तकी काही नसे. पकड कशी हवी? तर ओला पापड उचलल्यासारखी. दाबला तर फाटतो, सोडला तर पडतो. अंग किती फिरवायचं? तर फटका झाल्यावर शर्टाचं बटण मैदानातल्या आंब्याकडे दिसलं पाहिजे. आणि घाई होत असेल तर मनातल्या मनात गावाचं नाव घ्यायचं. काठी मागे नेताना "राज" आणि खाली आणताना "नांदगाव". "दुर्ग म्हणू नका," त्यांनी मला बजावलं होतं. "दुर्ग लई लवकर संपते."

दर रविवारी सकाळी ते मला बरोबर नेत. मी विमा कंपनीतला माणूस, व्यायामाचा शत्रू. पण त्यांना गाडीत बोलायला कोणीतरी हवं असे. पहिल्या महिन्यात माझ्या काठीने गवताचे गोळे उडत, चेंडू जागेवर. मग एका सकाळी त्यांनी पापड सांगितला आणि चेंडू असा सरळ, स्वच्छ गेला की मलाच भीती वाटली. मी वळून पाहिलं तर साडूंचे डोळे भरून आलेले. माझ्या लग्नातही ते इतके खूश दिसले नव्हते.

पण मैदानापुरतं हे राहिलं असतं तर त्यांचं व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. साडूंना सगळं जग चेंडूसमोर उभं असलेलं दिसे. माझी बायको स्कूटर शिकताना रोज त्याच एका खांबाला जाऊन भिडायची. साडू कट्ट्यावरून ओरडले, "खांबाकडे पाहू नको पोट्टे, जिथं जायचं तिथं पाह्य!" त्या दिवसापासून खांब वाचला. ताईंना, म्हणजे आपल्या बायकोला, घेऊन गोल बाजारात गंज, म्हणजे मोठं पातेलं, घ्यायला गेले तर भाव राहिला बाजूला, वरच्या फळीवरचा जड गंज काढणाऱ्या दुकानदाराला म्हणाले, "भैया, पहले घुटना, फिर हाथ." दुकानदाराने गुडघे वाकवून गंज उतरवला, कमरेवर हात फिरवला आणि ताईंसाठी चहा मागवला. त्यांच्या शेजारी एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. गच्चीवरच्या ठकठकीला कंटाळून ते एकदा वर आले. "अंकल, नीचे पेशेंट बैठे हैं, ये बंद कीजिए." साडू म्हणाले, "हव, करतो बंद. पर डॉक्टर साहब, आप दिनभर ऐसेच खड़े रहते हैं क्या?" डॉक्टर तक्रार करायला आले होते, जाताना पोट आत घेऊन, मान मागे घेऊन जिना उतरले आणि नंतर कित्येक दिवस तसेच चालत होते.

या सगळ्यांत सुधारला नाही तो एकच माणूस, म्हणजे स्वतः साडू. त्यांचा चेंडू पाण्यात जाई, झाडीत जाई, कधी शेजारच्या खेळाडूंमध्ये जाई. दुसऱ्याला एकच विचार देणाऱ्या या माणसाच्या डोक्यात स्वतःसाठी सगळेच्या सगळे विचार गर्दी करून उभे असत. ताई म्हणायच्या, "तुम्ही लोकायले शिकवा, खेळू नका." त्यावर ते हसत. हसले की त्यांचा सगळा चेहरा हलायचा, कानांसकट. हे मी आता मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

एका रविवारी ते चेंडूसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. काठी जमिनीला टेकलेली, नजर चेंडूवर, पण हात मागे जाईनात. मागून चौघे खेळाडू येऊन थांबले. मी हळूच म्हटलं, "साडूभाऊ, राजनांदगावची गाडी लेट आहे का?" ते चौघे हसले. साडू हसले नाहीत. खूप वेळाने काठी एकदम झटक्यात उठली आणि चेंडू कुठेतरी गेला. गाडीत ते म्हणाले, "मी सांगून राहिलो होतो हाताले. हात ऐकूनच नाही राहिला." मला वाटलं, वय झालं, कंटाळा आला असेल. गोल्फ खेळणाऱ्यांचं असं होतं म्हणतात. त्यानंतर ते उभं राहणं वाढत गेलं. मग कपातला चहा बशीत सांडू लागला. मग एक दिवस ताईंचा फोन आला, "तुम्ही या नं जरा. हे बाथरूमच्या दारात उभे आहेत. आत पण नाही जात, बाहेर पण नाही येत."

मी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं आणि कंपवात आहे म्हणून सांगितलं. त्यांनी गोळ्या समजावल्या, हा आजार हळूहळू पुढे सरकतो हेही समजावलं. साडू सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, "डॉक्टर साहब, इसमें सोचना क्या है? मतलब, कदम उठाते टाइम मन में क्या रखना है?" डॉक्टर म्हणाले, "ज़्यादा सोचिए मत, दवा टाइम पर लीजिए." साडूंनी मान हलवली. परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. समता कॉलनीचं वळण आलं तेव्हा म्हणाले, "जास्त सोचू नका म्हणते. मी जिंदगीभर तेच तर सांगून राहिलो लोकायले."

त्यानंतर ते गप्प झाले. मच्छरदाणी गच्चीवर तशीच बांधलेली होती. उन्हाने ती विरली, वाऱ्याने फाटली, कोणी काढली नाही. मी रविवारी जायचो, आम्ही समोरासमोर बसायचो. माझी बायको मुद्दाम त्यांच्यासमोर वाकडी होऊन केर काढायची, की भाऊजी काहीतरी बोलतील. ते बघायचे आणि बोलायचे नाहीत. पुण्याहून मुलगी आली, हिंदीत समजावून गेली, "पापा, बात तो किया करो." ते "हव" म्हणाले. सगळ्यात वाईट होतं ते दार. सपाट जमिनीवर बरे चालणारे साडू उंबऱ्याजवळ आले की पाय जणू फरशीत रुतत. ताई हात धरून ओढायच्या, ते आणखी घट्ट व्हायचे. "ओढू नको म्हटलं नं!" असं ते इतक्या जोरात ओरडत की खालच्या भाडेकरूंना ऐकू जाई. मग ताई स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसायच्या, आणि ते तिथेच उभे.

त्या दिवशी मी समोर होतो म्हणून सांगू शकतो. जेवायला बसायचं होतं. साडू खोलीच्या दारात थांबले. ताईंच्या दोन्ही हातांत वरणाचं पातेलं होतं, त्यामुळे त्यांना ओढता येईना, ठेवायला जागा दिसेना. कंटाळून त्यांनी आपला एक पाय आडवा साडूंच्या पायांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हा ओलांडा." साडूंनी खाली पाहिलं. आणि ओलांडला. सरळ, उंच पाय उचलून, पाणी साचलेलं ओलांडावं तसा. पुढचा पाय आपोआप आला, त्याच्या पुढचाही. टेबलाजवळ जाऊन ते वळले.

"हे कोणी सांगितलं तुले?"

"कोण सांगीन? हातात पातेलं होतं माझ्या."

"डॉक्टरनं?"

"नाही हो. तुम्ही खाली पाहून राहिले होते, म्हणून पाय ठेवला."

साडू खुर्चीवर बसले. वरण वाढून झालं तरी ताईंकडेच बघत होते. गोल्फची काठी आयुष्यात हातात न धरलेल्या या बाईने त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं शास्त्र त्यांच्यापेक्षा चांगलं करून दाखवलं होतं. "एकच गोष्ट सांगितली तू," ते म्हणाले. "मी स्वतःले दहा सांगून राहिलो होतो." त्या जेवणात ते महिन्यांनंतर बोलले. मला म्हणाले, घास चावताना तुमचे खांदे काहून हलतात.

त्या हिवाळ्यात त्यांनी एकदाच मैदानावर न्यायला सांगितलं. ताईही आल्या, पहिल्यांदाच. सकाळचं ऊन होतं, गवतावर दव होतं. गाडीतून उतरून चेंडूपर्यंत यायला ताईंचा पाय तीनचारदा आडवा पडला. साडूंनी हातमोजा घातला, तो घालायलाच किती वेळ गेला, आणि ते चेंडूसमोर उभे राहिले. काठी टेकली. आणि सगळं थांबलं. त्यांच्या मनगटाची थरथर काठीतून खाली उतरत होती. चेंडूशेजारचं गवत हलत होतं. मला राहवेना. मी म्हणालो, "पापड, साडूभाऊ." मग म्हणालो, "राजनांदगाव म्हणा." मग, "बटण, बटण आंब्याकडे." ते मान न वळवता म्हणाले, "अहो, एकच सांगा नं!" ताईंना हसू आलं, मलाही आलं, आणि ते चटकन विझलं. मी दोन पावलं मागे सरकलो. इथे पाय आडवा घालून उपयोग नव्हता. बराच वेळ गेला. मग साडूंनी काठी उचलली, पण मागे नेली नाही. ती माझ्या हातात दिली. "चला," ते म्हणाले. "चहा घेऊ." तो चेंडू तिथेच राहिला. मला तो उचलावा असं वाटलं नाही.

पुढे ते पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर आडवा पाय ठेवायची गरजही संपली. आता ते पलंगावर असतात. या आजारात चेहरा हळूहळू स्थिर होत जातो. कानांसकट हसणारा तो चेहरा आता काही सांगत नाही, आनंदाचंही नाही, दुखण्याचंही नाही. आवाज इतका बारीक झाला आहे की कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. ताई मात्र न वाकता समजतात. कशा, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा ताई आंघोळीला गेल्या होत्या आणि मी साडूंच्या पलंगाशी उभा होतो. बसलो नव्हतो. त्या खोलीत हल्ली मला बसवत नाही. इकडचं तिकडचं बोलून झालं, ऑफिसचं सांगून झालं, रस्ते खोदून ठेवलेत हेही सांगून झालं. साडूंची नजर माझ्यावर होती, पण नेहमीसारखी पायांवर नाही, तोंडावरही नाही, नेमकी कुठे आहे ते मला कळत नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मी वाकून कान जवळ नेला. काही ऐकू आलं नाही. "काय म्हणता, साडूभाऊ? पाणी देऊ?" त्यांनी नजर बाजूला वळवली, म्हणजे नाही. पुन्हा ओठ हलवले. या वेळी श्वासातून एक शब्द आला.

"खांदे."

मग लक्षात आलं, माझे खांदे वर चढून कानांना लागले होते. कधीपासून, कोण जाणे. या खोलीत आल्यापासून असतील. कदाचित तो आजार कळल्यापासूनच. मी ते हळूहळू खाली सोडले. मानेपासून कमरेपर्यंत काहीतरी सैल होत गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते काही त्यांना दिसू द्यायचं नव्हतं, पण ते तर बघतच होते.

"आता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि समाधान झाल्यासारखे डोळे मिटले.