पहिल्या पानावरचा आवाज

गेली चार वर्षं मी धुळ्यात, जळगावात भेटेल त्याला सांगत आलो, की बालमित्रानं मला दगा दिला. दोघांनी मिळून गावाची वेबसाइट उभी केली आणि त्यानं एके दिवशी, न सांगता, माझं लॉगिन बंद केलं. हे खोटं नाही. फक्त मी गोष्ट नेहमी मधूनच सुरू करत होतो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. तो बौद्ध वस्तीतला, पुढे भुसावळला रेल्वेत लागला. मी धुळ्याला, देवपूरच्या शाळेत शिक्षक. निवृत्तीनंतर त्यानं गावातल्या बायकांची जात्यावरची गाणी मोबाइलवर टिपून घेतली. ती सर्व्हरवर चढवायचं काम माझं. त्यासाठीचा प्रोग्राम उघडला, की पडद्याचे दोन भाग दिसत, डावीकडे माझा कॉम्प्युटर, उजवीकडे वेबसाइटचा दूरचा सर्व्हर. नाव आणि पासवर्ड टाकून जोडणी झाली, की डावीकडची फाइल ओढून उजवीकडे सोडायची. साठीनंतर शिकलेली ही विद्या. तिचा मला भारी अभिमान.

पहिल्या पानावर एकच बटण होतं. दाबलं की त्याच्या आईचा आवाज यायचा. गाणं टिपल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली होती.

यात्रेच्या आधी जळगावहून नानांचा फोन आला. नाना आमच्या भाऊबंदांतले, गावात वजन असलेले.

"गुरुजी, वेबसाइट बठ्ठा गावनी शे ना?"

"हो नाना, सगळ्या गावाची."

"मंग पह्यला पानवर तुमना दोस्तनी मायच कशाले? आमनी अक्काबी गायेल शे."

खरं कारण ते बोलले नाहीत. मला विचारायची गरज पडली नाही. नाही म्हणायला मात्र धीर हवा होता, तो माझ्याकडे नव्हता.

मी टिपलेल्या गाण्यांतलं नानांच्या अक्कांचं गाणं घेतलं आणि पानाची मांडणी बदलावी लागू नये म्हणून त्या फाइलला जुन्याच फाइलचं नाव दिलं. माझ्या फोल्डरमधली जुनी फाइल तिथेच पुसली गेली. मग जोडणी केली. प्रोग्रामनं विचारलं, या नावाची फाइल तिकडे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी 'होय' दाबलं. मूळ गाणं मित्राकडे असेलच, असं मी धरून चाललो. त्याचा तो मोबाइल केव्हाच बंद पडला होता, आणि गाणं वेबसाइटवर आहे म्हणून तो निर्धास्त होता.

आईच्या पुण्यतिथीला त्यानं घरच्यांना भोवती बसवून बटण दाबलं. मग मला फोन.

"मन्ही मायना आवाज कोठे गया रे भो?"

मी म्हणालो, "सर्व्हरवाल्यांचा घोळ असेल."

त्यानं विश्वास ठेवला. महिनाभर तो सर्व्हरच्या कंपनीशी भांडला. तिथल्या माणसाला चोरसुद्धा म्हणाला. मी रोज विचारायचो, "काही कळलं का?" शेवटी कंपनीनं नोंद पाठवली: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या लॉगिननं फाइल बदलली. लॉगिन माझं. त्यानं ती नोंद मला जशीच्या तशी पाठवली. सोबत एक शब्दही नाही.

त्या दुपारी मी जोडणी करून पाहिली. नकार. पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा नकार. माझी चूक समोर असताना मला राग त्याचाच आला. पन्नास वर्षांची मैत्री, आणि एक फोन करून शिव्याही देऊ नयेत? मला बाहेर काढलं, एवढंच मी धरून बसलो आणि तेवढंच लोकांना सांगत सुटलो. लोक त्याला गावाची वस्तू बळकावणारा म्हणू लागले. यात्रेत त्याच्याशी कोणी धड बोलेना. मी तिथेच उभा होतो.

गेल्या आठवड्यात त्याला फोन केला. नानांचा फोन, फाइलचं नाव, ते 'होय', सगळं सांगितलं.

"मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "मला माहीतच होतं. गावाला सांग."

"लिहून देतो. वेबसाइटवर टाकशील?"

"दे. पण चढवीन मी. तुला लॉगिन मिळायचं नाही."

म्हणून हे लिहिलं. आज त्याला पाठवतो आहे.