वंदनाचं लाल उत्तर

मित्रांनो, आज मन शिणलंय, म्हणून इथं लिहितेय.

आमची संस्था आदिलाबादच्या गावांत महिला गटांचं काम करते. कार्यकर्त्यांचं काम कुठवर आलं हे कळावं, म्हणून दर आठवड्याला मी त्यांना ऑनलाइन सर्वेक्षण पाठवते. काम सुरू असेल तर हिरवं, थांबलं असेल तर लाल. प्रश्न मीच तयार केलेत.

जैनथकडची कार्यकर्ती वंदना महिनाभर लाल भरतेय. बाकी सगळे हिरवे. आज आढावा बैठकीत साहेब म्हणाले, "हिच्या नोकरीची मुदत वाढवायची नाही."

मी हिरवं भरणाऱ्यांपैकी गुडीहत्नूरच्या रमेशला फोन लावला. "तुमच्याकडं गटाच्या बैठका होतात का?"

"कुठं मॅडम! कापूस वेचणी चालू हाये, बाया दिवसभर वावरात."

"मग हिरवं काऊन भरलं?"

"लाल भरलं का तुमचाच फोन येते ना!" तो हसला. मला हसू आलं नाही. वंदनाचं कारणही हेच होतं, तिनं फक्त खरं भरलं.

रमेशचं नाव न घेता साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग वर सगळं लालच दाखवू का? तिला सोमवारी हिरवं भरायला सांगा, नोकरी राहील."

वंदनाला फोन केला, पण निरोप तोंडातून निघेना. तीच म्हणाली, "मॅडम, माह्यं काई चुकलं काय?"

"नाही गं," म्हणाले आणि फोन ठेवला.

तिची नोकरी वाचवायची, तर तिला खोटं भरायला मीच शिकवायचं. तुम्ही काय सांगितलं असतं?