पस्तीसचे दोन फ्यूज

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि आसेगावात रस्त्याला लागून असलेल्या माझ्या टिनाच्या शेडमध्ये एक विलायती गाडी उभी होती. ठेंगणी, दोघांपुरती, वरून उघडी. आत बसायचं म्हणजे आधी उकिडवं व्हायचं, मग एकेक पाय आत ओढायचा. ज्याच्याजवळ एवढा पैसा तो माणूस एवढ्या खाली कायले बसते, हे मला अजून समजलं नाही.

गाडी वाशीमच्या एका डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची. वडील वारले तेव्हापासून ती झाकून पडली होती. इंजिनाचं काम अकोल्यात झालं, करंटचं माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेला माणूस. पण पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरण्यात आणि ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये माझी जिंदगी गेली. बाईंना कोणी तरी सांगितलं होतं की असली गाडी पुण्यालाच न्यावी लागते. मी म्हटलं, "पुन्याचा करंट काही येगळा नसते, बाई."

बाई हसल्या. म्हणाल्या, ठीक आहे काका, करा. पण वायरिंग बाबांच्या वेळची आहे, तीच राहिली पाहिजे. तिला धक्का लागला तर मी गाडी टेम्पोत घालून पुण्याला पाठवीन.

ती वायरिंग खरंच पाहण्यासारखी होती. तारांच्या जुडग्यावर कापडाची वीण, लुगड्याच्या काठासारखी. तार म्हणून काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते फ्यूजपाशी.

बॉनेटखाली एक काळी डबी आणि तिच्यात काचेचे दोन फ्यूज. अख्ख्या गाडीला दोन. एकावर हॉर्न आणि आतला दिवा. दुसऱ्यावर वायपर, ब्रेकलाइट, इंडिकेटर, तेलाचा काटा, सारा संसार. पुढच्या मोठ्या दिव्यांना तर फ्यूजच नाही. बनवणारा माझ्यासमोर असता तर मी त्याला दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. एका फ्यूजवर कोणी तरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती, म्हणजे तो कारागीर विलायतेचा नव्हता, आपल्याच इकडचा होता. दुसऱ्याची काच आतून काळी. डबीच्या झाकणात मात्र एक शिल्लकचा फ्यूज अटकवून ठेवलेला सापडला, चांगला. काचेच्या आत कागदाची बारकी चिठ्ठी, तिच्यावर पस्तीस, म्हणजे पस्तीस अँपिअर. तो मी नमुना म्हणून वरच्या खिशात ठेवला आणि वाशीमला गेलो.

पहिल्या दुकानदाराने टीव्हीतले आखूड फ्यूज दिले. घरी येऊन बसवले तर दोन्ही टोकं हवेत. परत गेलो. दुसऱ्याने नव्या गाड्यांचे पातीचे फ्यूज पुढे केले आणि म्हणाला, ती डबीच बदलून टाका ना. मी म्हटलं, तुझा दात दुखला तर तोंड बदलतो का? तिसऱ्याने नमुना हातात न घेताच आकडा विचारला. मी म्हटलं, पस्तीस. तो म्हणाला, अकोल्याला मिळेल. त्या उन्हात अकोल्याची बस धरली. तिथे मिळाला. काचेचा, लांबीला बरोबर, टोपीवर पस्तीस कोरलेलं.

बसमध्येच दोन्ही फ्यूज उजेडात धरून पाहिले. नव्याची आतली तार जाड होती. जुन्याची केसासारखी, ह्याची सुतळीसारखी नाही म्हणत, पण जाड. मन म्हणालं, हे बरोबर नाही. जन्मभर मी तार पाहून फ्यूज ओळखला, आकडा पाहून नाही. पण त्या तिसऱ्या दुकानदाराने आकडाच विचारला होता, आणि बाईंनीही मोबाइलवर गाडीचं पुस्तक उघडून आकडाच दाखवला होता. तिथेही पस्तीस. म्हटलं, असेल बाप्पा, शिकलेल्यांचं खरं असेल.

इथे एक सांगायला पाहिजे. आमच्याकडे डीपीवरचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला की शेतकरी लाइनमनची वाट पाहत नाही. स्वतःच जाड तार घालून येतो, दोन पदरी, चार पदरी, म्हणजे पुन्हा उडायची भानगड नाही. मग फ्यूज राहतो आणि मोटार जळते, आणि जळलेली मोटार माझ्याकडे येते. मी किती लोकांना शिव्या घातल्या याचा हिशेब नाही. फ्यूज मरायसाठीच असते, त्याले मरू द्या, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

अकोल्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दुपारी आधी वायपर-इंडिकेटरच्या जागी नवा फ्यूज बसवला. मिरची-वांगी लावणारा शेजारी नळीचा तुकडा मागायला आला होता, तो उभा राहिला. चावी फिरवली, इंडिकेटर टिकटिकला, ब्रेकलाइट लागला. मी वायपरचं बटण ओढलं. वायपर हलला नाही. इतक्या वर्षांत त्याच्या गरारीतलं ग्रीस दगड झालं होतं. मोटर आत कण्हत राहिली आणि मी, फ्यूज आहे ना, म्हणून बटण तसंच ठेवून वाकून पाहत राहिलो. मग वास आला. कापडाच्या विणीतून धूर निघाला. बॅटरीची तार उपटेपर्यंत हिरवी वायर डॅशबोर्डाच्या मागून डबीपर्यंत भाजली होती.

फ्यूज साबूत. घर जळत असताना ओसरीवर बसलेल्या जावयासारखा.

शेजाऱ्याने वाकून फ्यूज पाहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, डीपीवर आमी जाड तार टाकली का तुमी आमची माय काढत व्हते. हे काय व्हय मंग?"

"हे पस्तीसचं व्हय," मी म्हटलं. "अन पस्तीसच पाह्यजे व्हतं."

"मंग कायले जळलं?"

त्याला मी नळीचा तुकडा दिला नाही.

घरात बायकोला वासावरूनच कळलं होतं. तिने पाण्याचा गडवा पुढे केला आणि म्हणाली, "अवो, पुन्याले जाऊ द्या ना थे गाडी. तुमाले काय पडलं आता?" मी जेवलो नाही. मला काय पडलं ते मला चांगलं ठाऊक होतं. गाडी गेली असती तर गावात एकच गोष्ट राहिली असती, की मिस्त्रीच्या हातून जळली.

ऊन उतरण्याआधी ट्रॅक्टरची बॅटरी बाहेर काढली. नवा फ्यूज तिच्यावर लावला आणि ट्रॅक्टरचे जुने बल्ब एकामागून एक जोडत गेलो. शेडमधले बल्ब संपत आले तरी फ्यूज गरमसुद्धा नीट होईना. मग खिशातला नमुना काढला. तो एकच होता, विलायतेहून आलेला, परत मिळणार नव्हता. पण त्याला विचारल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं. तो लावला. निम्मे बल्ब आरामात चालले. पुढचे जोडत गेलो आणि नव्याने जिथे हूं की चूं केलं नव्हतं तिथे हा पटकन गेला.

दोघांवर पस्तीसच. नव्यावर किती सोसतो ते लिहिलं होतं, जुन्यावर कितीवर मरतो ते. आणि मरतो त्याच्या निम्मंच तो आरामात सोसतो, म्हणजे विलायतेच्या पस्तीसच्या जागी आपल्याकडचा पंधराचा पाहिजे होता. पंधराचे तर माझ्या डब्यात पडले होते. असा संताप आला की डब्याला लाथ मारली, आणि मग ते फ्यूज मातीतून वेचत बसलो.

बाईंना फोन मीच केला. जळलं ते सांगितलं, आकड्याचंही सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, तुमच्यावर राग नाही. पण राहू द्या आता. सकाळी टेम्पो पाठवते."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेड उघडली. सीट काढली, डॅशबोर्ड सैल केला, आणि ती अख्खी वायरिंग शेंडीपासून शेपटीपर्यंत कुठे न तोडता गाडीतून ओढून काढली. अंगणात बाजेवर लांब पसरली. जळल्या भागावरची वीण ब्लेडने उसवली आणि भाजलेली हिरवी तार बाजूच्या तारांपासून सोडवायला बसलो. बाजूच्या तारा धड होत्या. तेवढ्यात टेम्पो आला. ड्रायव्हरने गाडीत डोकावून पाहिलं, मग बाजेकडे पाहिलं. म्हणाला, यातलं काय काय न्यायचं?

मी म्हटलं, "लोखंड न्यायचं असन तर घेऊन जा. तारा इथंच राह्यतीन, मी बसून राह्यलो त्याईच्यापाशी."

त्याने बाईंना फोन लावला आणि थोड्या वेळाने फोन माझ्या कानाला धरला, कारण माझे हात रिकामे नव्हते. बाईंनी एवढंच विचारलं, किती दिवस लागतील. मी म्हटलं, तार निघन तवा सांगतो. टेम्पो रिकामा वळला. मी मान वर केली नाही. कापडात चिकटलेली तार ब्लेडच्या टोकाने उचलत राहिलो.