आईच्या डाव्या हातातल्या बांगड्या

मंडळी, आज आईला बिलोलीहून नांदेडला किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. डायलिसिससाठी डाव्या हाताचं छोटं ऑपरेशन ठरलं होतं. नर्स म्हणाली, "या हातात आता बांगड्या चालणार नाहीत."

आईनं हात पदराखाली लपवला. "माझा नवरा बसलाय की बाहेर. हात भुंडा न्हाई करायची मी."

मला वाटलं, सुईला घाबरून सबब सांगतेय. मी चिडलो. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी बाबांना आत बोलावलं. "काका, तुम्हीच उतरवा, अन् तुमच्याच हातानं त्यांच्या उजव्या हातात भरा."

साबण लावून बाबांनी एकेक बांगडी काढली अन् उजव्या हातात भरली. बाहेर रांग होती, तरी डॉक्टर उभे राहिले.

मग आईनं स्वतःच डावा हात पुढं केला.

तिला भीती सुईची नव्हतीच. पोटच्या पोराला ते कळलं नाही. तुमच्या घरात कळतं का हो?