सुईत आलेले तंतू

काकांच्या स्वादुपिंडातल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी काकूने नौपाड्यातून किलोभर पेढे आणलेले. मी डोंबिवलीहून कळव्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत अर्धी सोसायटी तोंड गोड करून गेलेली. कोकणात गावच्या देवीला कौल लावलेला, तो उजवा पडला होता. आता रिपोर्टही तेच सांगत होता: फक्त तंतुमय ऊती, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.

"वाच, वाच, तुझ्याच विषयातलं आहे," काकू म्हणाली.

विषय माझाच होता, तेच तर दुखणं. नऊ वर्षं प्रयोगशाळेत मी दुसरं काही केलेलं नाही. स्वादुपिंडातल्या कॅन्सरच्या पेशी आजूबाजूच्या साध्या, आधार देणाऱ्या पेशींना रासायनिक निरोप धाडतात. त्या बापड्या ऐकतात आणि चिवट तंतू विणत सुटतात, वर उलट निरोपही धाडतात. होता होता गाठीचा मोठा भाग या तंतूंचाच होतो आणि कॅन्सरच्या पेशी त्यात इथे चार, तिथे चार अशा विखुरलेल्या राहतात. तपासणीसाठी टोचलेली सुई नुसत्या तंतूंत शिरली तर रिपोर्ट असाच येतो. तळाला डॉक्टरांनी लिहिलंही होतं, संशय कायम आहे, पुन्हा तपासणी करावी. एवढ्या माणसांत ती ओळ कोणी वाचली नव्हती.

मी ती मोठ्याने वाचली.

"शुभ बोल रे नाऱ्या!" काकू कडाडली. "देवीने उजवा दिलाय. आता परत सुई टोचायची म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा! तुला मेले सगळीकडे रोगच दिसतो."

माझंही डोकं सणकलं. मी म्हटलं, "काकू, गाठ अजून लहान आहे. थांबलो आणि ती रक्तवाहिन्यांपर्यंत गेली, तर ऑपरेशन करता येणार नाही. मग देवीला काय विचारणार?" हे शेवटचं बोलायला नको होतं. पण बोलले.

काकांनी रिपोर्ट माझ्या हातातून घेतला. त्यांनी जन्मभर खडवलीपासून कसाऱ्यापर्यंत लोकांच्या बोअरवेल खणल्या.

"म्हणजे बोअर कोरडी गेली," ते म्हणाले. "खाली पाणी नाही असं नव्हे, आपली जागा चुकली."

"हो."

"मग दुसरी मारू या. देवीला मी समजावतो."

काकू उठून आत गेली. ती माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही.

दुसऱ्या सुईत पेशी सापडल्या. रिपोर्ट काकांनी मला मोबाइलवर पाठवला, सोबत एक ओळ: ऑपरेशनची वेळ गेलेली नाही म्हणतात. दुपारी काकूचा फोन आला.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"काहीतरीच काय, काकू!" मी म्हणाले. तिने फोन ठेवला.

घरात सगळ्यांना मी सांगते की काकू दुःखात बोलली, मी मनावर घेतलं नाही. पण सकाळी रिपोर्ट उघडला तेव्हा मनात आधी काका आले नव्हते. आधी आलं, बघा, म्हटलं नव्हतं? क्षणभरच. पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.