तळहातावरचा पिस्टन

बंदरावर एसटीडी बूथशेजारी काकांचं होड्यांच्या इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं. काम नसलं की ते टेबलावरच्या छोट्या लेथवर खेळण्यातल्या इंजिनासाठी शिताएवढे पितळी पिस्टन घडवत. लेथ फिरू लागलं की डोळे मिटून नुसता आवाज ऐकत. मला त्याचं कौतुक वाटे.

एकदा त्यांनी चिमट्याने पिस्टन उचलून तळहातावर ठेवला आणि हात माझ्यापुढे धरला.

"बघ रे, कसो चकाकता."

हात रिकामा होता. पिस्टन खाली पितळेच्या चुऱ्यात पडला होता. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्याच हातांनी सकाळी आमच्या होडीचं इंजिन खोलून पुन्हा जोडलं होतं.

"चकाकता, काका," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी होडीतून किनारा दिसेनासा झाला, तसा मी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकू लागलो.