गाईचा वाटा

माझी आई उपवास करते आणि वजन माझं वाढतं. हे मी गमतीत म्हणत नाही. गेल्या वर्षी जुलैअखेर ती नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, पापाकुराला आली. तिच्या बॅगेतलं घरचं तूप विमानतळावरच्या तपासणीवाल्या बाईने काढून घेतलं. आईचा चेहरा पडला आणि मला मनातून बरं वाटलं. पण माझा नवरा भला माणूस आहे, आणि भल्या माणसांचा काही भरवसा नसतो. शनिवारी तो गाडी घेऊन सँडरिंगहॅमला गेला आणि तिथल्या भारतीय दुकानातून तुपाचे दोन डबे, साबुदाणा, गूळ असं सगळं घेऊन आला.

तो भला असला तरी त्याला सगळं माहीत होतं. जूनमध्ये आम्ही दोघंही डॉक्टरांसमोर बसलो होतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. उपचार सरकारी खर्चाने होऊ शकतो, पण त्यासाठी माझं वजन एका आकड्याच्या खाली हवं आणि वयही मर्यादेत हवं. वय माझ्या हातात नव्हतं, मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. वजन सहा किलो उतरवायचं होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर शेवटची तपासणी, तेव्हा आकडा जमला तर यादीत नाव लागणार. नाही जमला तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं की नाशिकला दोन मावश्यांना आणि तिथून सगळ्या गोतावळ्याला कळतं. माझ्या पोटात काही यायच्या आधी त्याची चर्चा चार शहरांत झालेली मला नको होती.

मी जिमला जात नाही. आरशासमोर घाम गाळणाऱ्या लोकांचा मला राग येतो, आणि वजन उतरवण्याच्या ‘प्रवासा’विषयी बोलणाऱ्यांचा त्याहून जास्त. मी माझ्यापुरत्या चार गोष्टी ठरवल्या होत्या. ऑफिसातून येताना एक स्टेशन आधी, टाकानिनीला उतरायचं आणि घरापर्यंत चालायचं, तेही भरभर, हळू चालून काही उपयोग नसतो. ताटात आधी कोशिंबीर आणि मोड आलेली मटकी, मग अर्धी भाकरी, भात रविवारी. रात्रीचं जेवण साडेसहाला, म्हणजे इथल्या लोकांसारखं, आणि जेवल्यावर लगेच सोफ्यावर न टेकता पंधरा मिनिटं रस्त्यावर. दुधाच्या दोन रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून त्या सकाळी खांद्यावर उचलायच्या. चहाबरोबरची बिस्किटं बंद. आई येईपर्यंत दोन महिन्यांत अडीच किलो उतरले होते. मला कुणाचं कौतुक नको होतं, फक्त याला कुणी हात लावू नये एवढंच हवं होतं.

आईने दोन्ही हात लावले. मटकीकडे पाहून म्हणाली, हे काय आजाऱ्याचं जेवण. बाटल्या पाहून हसली. आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिने जाहीर केलं की ती सोळा सोमवार करणार आहे. कशासाठी ते तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या व्रतात दिवसभर उपास करून संध्याकाळी कणकेचा, तुपाचा, गुळाचा चुरमा करतात आणि त्याचे तीन वाटे होतात. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे एक देवाचा, एक गाईचा, एक व्रत करणारीचा. तशा गाई आमच्याकडून फार लांब नाहीत. गाव संपलं की कुंपणं आणि गाईच गाई. पहिल्या सोमवारी नवरा आईला गाडीतून घेऊन गेला, द्रोण घेऊन. कुंपणापाशी शेतकरी आला आणि त्याने अगदी हसून, नम्रपणे सांगितलं की बाई, माझ्या जनावरांना बाहेरचं काही घालू नका, त्यांना त्रास होतो. जे त्या शेतकऱ्याला त्याच्या गाईंबद्दल कळत होतं, ते आमच्या घरात माझ्याबद्दल कुणाला कळत नव्हतं. आई द्रोण घेऊन परत आली आणि तिने तो माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, घरची गाय ती घरची गाय.

तर अशी मी गाय झाले. दर सोमवारी वाटीभर चुरमा, वर सोडलेलं तूप. मी नको म्हटलं की ती भांडायची नाही. वाटी तशीच समोर ठेवायची, आणि प्रसादाला नाही म्हटल्यावर कुणाकुणाच्या घरी काय काय झालं ते नवऱ्याला सांगायची. सोमवारने तिचं भागत नव्हतं. चतुर्थी, एकादशी, सगळं माझ्याच नावाने. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात, पण आमच्या घरी एकादशी तिची होती आणि दुप्पट मी खात होते. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. उपासाचं हलकं असतं, म्हणायची. असले शब्द ज्यांनी शोधले त्यांना एकदा वजनकाट्यावर उभं केलं पाहिजे. आणि माझाही राग मला येत होता, कारण खिचडी चांगली व्हायची आणि मी ती चाटूनपुसून खात होते.

सप्टेंबरच्या मध्यावर मधली तपासणी झाली. नर्स तरुण होती, तिने ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून हात पुढे केला, मला काट्यावर उभं केलं आणि आकडा लिहून घेतला. दीड किलो वाढले होते. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं की अजून नऊ आठवडे आहेत, आणि ते वाईट बोलण्यापेक्षा वाईट होतं. नवरा गाडीत म्हणाला, “चिल कर, अजून हीप्स वेळ आहे, ढीगभर.” मी रेडिओ लावला आणि आवाज वाढवला.

तो सोमवार होता. सातवा. घरात पाऊल टाकलं तर तुपाचा वास, आणि टेबलावर वाटी. मग मी बोलले. क्लिनिकचं, वजनाचं, यादीचं, नोव्हेंबरचं, सगळं एका दमात आणि वरच्या पट्टीत. तुझ्या व्रताने मला मूल होणार नाही, उलट तुझ्या व्रतामुळेच ते होणार नाही, असंही बोलले. आई खुर्चीत बसून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “प्रसाद टाकायचा नसतो गं.”

“मग तूच खा,” मी म्हणाले. “माझा वाटाही तूच खा.”

त्या दिवसानंतर माझ्यासमोर वाटी आली नाही. मला वाटलं, मी जिंकले. लढाई जिंकल्यावर माणूस जसं वागतो तसंच मी वागले, म्हणजे क्षुद्रपणे. फ्रिजमध्ये माझा वेगळा कप्पा केला. तिने केलेल्या भाजीतलं तेल दिसेल असं पातेलं तिरकं करून पाहायचे. टाकानिनीपासून चालताना वारा तोंडावर यायचा आणि मी मनात तिच्याशी भांडत चालायचे, त्याने वेगही वाढायचा. रागाने वजन उतरतं असं मी कुठे वाचलेलं नाही, पण माझं उतरत होतं. आई गप्प झाली. आधी रोज सकाळी चालत लायब्ररीपर्यंत जायची, ते बंद झालं. दुपारी बसल्याबसल्या डोळा लागायचा. पाण्याची बाटली सारखी जवळ असायची, सारखं बाथरूमला उठायची. मला दिसत होतं सगळं. मी त्याला रुसवा म्हटलं. रुसू दे, म्हटलं, डिसेंबरात बोलेन.

शेवटची तपासणी नेमकी सोळाव्या सोमवारी आली. आकडा जमला, पाव किलो राखून. नर्सने या वेळी हसून माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या आलं नाही, कारण मी आईला काय बोलायचं ते ठरवत होते. ती म्हणणार, माझ्या सोळा सोमवारांना फळ आलं. मग मी म्हणणार, फळ मटकीला आलं, त्या दुधाच्या बाटल्यांना आलं, टाकानिनीच्या रस्त्याला आलं. वाक्यं मी पाठ करून ठेवली होती. आणि वर तिच्यासमोर बसून एक घास चुरमा खाणार होते, मेहेरबानी म्हणून.

घरी आले तेव्हा ती देवापाशी होती. देवासमोर एक वाटी, बाकी टेबल पुसून स्वच्छ.

“गाईचा वाटा कुठंय?” मी विचारलं. “आज मी खाणार आहे.”

“संपला.”

“कुणी संपवला?”

“मी.” यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. “तूच म्हणालीस ना. गेले सगळे सोमवार मीच खातेय.”

माझ्या आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. हे मला माहीत होतं. तिच्या गोळ्या मीच मोजून डबीत भरून देत होते. स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणात साखर मोजायचं तिचं मशीन होतं, ते मी काढलं, तिचं बोट धरलं आणि टोचलं. आकडा दोनशे ऐंशीच्या पुढे होता. मशीनने जुने आकडे साठवून ठेवले होते. मागे मागे जात मी सोमवार शोधत गेले, आणि मग थांबले.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. दिवसभर उपाशी राहून दोन वाट्या तूप-गूळ खाणाऱ्या बाईचा, ते न बघणाऱ्या नवऱ्याचा, शेवटी माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. त्याआधी जे हातात होतं ते केलं. तिचे बूट आणून समोर ठेवले आणि म्हणाले, चल, खाल्ल्यावर चालायचं असतं.

नोव्हेंबरात इथे उन्हाळा तोंडावर असतो, संध्याकाळी आठ वाजताही उजेड असतो. आम्ही आमच्याच रस्त्याने निघालो, ती पुढे, मी मागे. दोन दिव्यांच्या खांबांनंतर तिने मागे न बघता विचारलं, “नाव लागलं?”

“लागलं,” मी म्हणाले.

ती चालत राहिली. सोळा सोमवारांचं नाव तिने काढलं नाही. माझी पाठ केलेली वाक्यं तोंडातच राहिली. तिला धाप लागली होती, तरी तिने वेग वाढवला. मी म्हणाले, “आई, हळू.”

“हळू चालून काही उपयोग नसतो,” ती म्हणाली. “तूच म्हणतेस ना.”

तेव्हापासून मी तिच्यासमोर रागात बोलताना आधी शब्द तपासून घेते. राग काही कमी झालेला नाही.